आठ वल्ह्यांचं गाव

फेरो बेटांवरच्या हेलूविकात होडी एकच होती आणि ती ओढायला आठ वल्ही लागत, त्यामुळे गावात भांडणं फार बेताने होत. शेजाऱ्याची मेंढी आपल्या बटाट्यांत शिरली तर माणूस शिव्या घराच्या आत देई आणि बाहेर येऊन हवेबद्दल बोले. कारण चर्चला, दुकानाला आणि एक ना एक दिवस कायमचंच, किर्क्यूनेसला जायचं ते त्याच शेजाऱ्याच्या पाठीकडे बघत. धक्का म्हणजे खडकातली एक अरुंद चीर. तिच्या तोंडाशी लाट फुटे. आठही वल्ही भरल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची नाही, असा पणजोबांच्या वेळचा नियम होता. त्याआधी एकदा सात वल्ह्यांनी गेले होते. त्यांची नावं किर्क्यूनेसच्या चर्चच्या भिंतीवर आहेत, आणि हेलूविकची माणसं प्रवचन चालू असताना तीच वाचत बसतात.

आठ घरांची आठ वल्ही, आणि नववं घर तांडेलाचं, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणाऱ्याचं. तांडेल होता हानुस. साठीला टेकलेला, लांब हातांचा, पापण्या पांढऱ्या झालेला. दोन गोष्टींसाठी तो सगळ्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होता: लाटेची पारख आणि नको तिथे प्रश्न. पाद्रीबुवांना त्याने एकदा विचारलं होतं की नोहाने होडीत मेंढ्या घेतल्या तर गवत किती घेतलं. पाद्रीबुवा डेन्मार्कचे होते, त्यांना मेंढ्यांचा अनुभव नव्हता. ते म्हणाले, श्रद्धा ठेवा. हानुस म्हणाला, मी ठेवीन, मेंढी काय खाईल?

तर अशा माणसापुढे सेहेचाळीस सालच्या सप्टेंबरात देशाचाच प्रश्न येऊन पडला.

लढाईच्या पाच वर्षांत डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात आणि त्याच्या राज्यातली फेरो बेटं इंग्रजांच्या. कोपनहेगनहून ना हुकूम आला ना साखर. बेटांनी आपला कारभार आपण पाहिला, आपला झेंडा लावून मासे विकले, आणि आश्चर्य म्हणजे जग बुडालं नाही. लढाई संपल्यावर कोपनहेगन म्हणालं, चला, आता घरी या. तेव्हा बऱ्याच लोकांच्या लक्षात आलं की आपण घरीच होतो. बाकीच्यांच्या लक्षात आलं की पाच वर्षं आपल्याला कुणी विचारलं नाही ते काही बरं वाटलं नव्हतं. वाटाघाटी झाल्या, फिसकटल्या, आणि शेवटी ठरलं की लोकांनाच विचारावं: डेन्मार्क देतंय ती नवी व्यवस्था घ्यायची, की वेगळी चूल मांडायची?

हेलूविकात चार घरं वेगळ्या चुलीची आणि चार घरं एकत्र कुटुंबाची निघाली. वेगळे होणाऱ्यांचा पुढारी झाकारिस, हानुसचा मेव्हणा, म्हणजे त्याच्या बायकोचा, बिलाचा, धाकटा भाऊ. एकत्र राहणाऱ्यांचा पुढारी रासमुस, हानुसचा थोरला चुलतभाऊ. दोघंही होडीत एकाच बाकावर बसत, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यामुळे होडी सरळ चाले, असं हानुसचं मत होतं. दुसरं मत मात्र अजून झालेलं नव्हतं.

शनिवारच्या मतदानाच्या आधीच्या रविवारी, चर्चहून परतल्यावर, पुरुषमंडळी होडीच्या छपराखाली जमली. हानुसने प्रश्न काढला.

"झाकारिस, वेगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय वेगळं असेल?"

"सकाळ आपली असेल, दाजी."

"आज कुणाची असते?"

"राजाची."

"त्याला ठाऊक आहे का?"

झाकारिसने थुंकायला जागा शोधली. "दाजी, तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्ही कळून घेत नाही."

हानुस रासमुसकडे वळला. "बरं दादा, राहिलो तर काय मिळेल?"

"मिळतं तेच मिळेल. डॉक्टर मिळेल."

"गेल्या वर्षी डॉक्टर आला तेव्हा तू बरा होऊन गवत कापत होतास."

"पण आला ना?" रासमुस म्हणाला. "नातं म्हणजे दुसरं काय असतं? उशिरा येतं, पण येतं. हा तुझा मेव्हणा आजारी पडला तर याचा झेंडा येणार आहे का इंजेक्शन द्यायला?"

"आम्ही आमचा डॉक्टर शिकवू," झाकारिस म्हणाला.

"कुठं शिकवशील? कोपनहेगनात?"

दोघं बरोबर बोलत होते. हानुसची अडचण तीच होती. एक बोलत असेतो त्याला त्याचं पटे, दुसरा बोलू लागला की त्याचं. तो मुद्दाम गुळमुळीत बोलतोय असं दोन्ही बाजूंना वाटे, आणि तो खरोखरच विचार करत असेल ही शंका कुणाला येत नसे. पंचेचाळीस उलटलेला माणूस विचार करत नाही, तो फक्त लपवतो, असा गावाचा अनुभव होता.

"ते काही नाही," रासमुस म्हणाला. "चार आणि चार. म्हणजे गावाचा निकाल हानुसच्या हातात. हानुस, एक सांगून ठेवतो. तू मला पाठच्या भावासारखा. पण तू घर मोडायला मत दिलंस, तर आमच्या घराचं वल्हं तुझ्या हुकमाखाली चालणार नाही."

"आणि दाजी, ताई माझी सख्खी बहीण आहे," झाकारिस म्हणाला, "पण तुम्ही राजाचे पाय धरलेत, तर माझंही नाही."

मत गुप्त असतं हे हानुसला माहीत होतं, पण त्याचा इथे उपयोग नव्हता. हे विचारणार आणि तो खरं सांगणार. लाटेबद्दल खरं आणि मताबद्दल खोटं असा तांडेल नसतो. जो एका गोष्टीत थाप मारतो त्याने "आता ओढा" म्हटलं, की वल्ह्यावरचा माणूस क्षणभर विचार करतो, आणि त्या चिरेत क्षणभर फार होतो. वडिलांनी वाळूवर बसवून शिकवलेली ही एकच विद्या होती त्याच्याकडे. म्हणजे मत दिलं तर जागा जाणार, इकडून नाहीतर तिकडून. न दिलं तर जागा राहणार, पण मग उरलेल्या आयुष्यात आरशात बघून दाढी करणार कोण?

त्याची ही अडचण रासमुसने मोठ्या मनाने सोडवली.

"मी म्हणतो, जायचंच कशाला? तुमचे चार, आमचे चार. गेलो काय, न गेलो काय, हिशेब तोच. शनिवारी गवत वाळत असेल. वल्ही मारून हात दुखवून घ्यायचे आणि आपलीच मतं आपण खोडायची. त्यापेक्षा कुणीच जाऊ नये."

"आणि दाजी?" झाकारिसने विचारलं.

"तो एकटा होडी कशी नेणार?"

सगळ्यांचे चेहरे उजळले. कित्येक आठवड्यांत प्रथमच आठ घरांचं एकमत झालं होतं, आणि ते हानुसला मत देऊ न देण्यावर झालं होतं. हातात हात दिले गेले. हानुसनेही दिला, कारण हात पुढे आला की तो धरायचा असतो. पण घरी येऊन तो बिलाला म्हणाला, "मला बघायचं होतं ग, तो कागद कसा असतो."

बिला लोकर पिंजत होती. "मग बघ की," ती म्हणाली, जशी काही होडी ती खिशात घालून हिंडत होती.

शनिवारी सकाळी हवा अशी शांत होती की धुराड्यांचे धूर सरळ वर गेले. हानुस दारापुढच्या दगडावर बसून दोर वळत होता आणि डोंगराकडे बघत होता. किर्क्यूनेसला पायीही जाता येतं, पण ती वाट लांबची, निसरडी, आणि खिंडीत धुकं. होडी असताना त्या वाटेने शहाणा माणूस जात नाही.

आणि मग त्याला मेंढ्या दिसल्या. पश्चिमेच्या घळीतल्या मेंढ्या एकामागून एक बाजूला पांगत होत्या. आधी खालच्या, मग त्यांच्या वरच्या, मग आणखी वरच्या. सुईमागून दोरा जावा तशी ती पांगापांग खिंडीकडे चढत होती. डोंगरावरचा माणूस दुरून दिसत नाही, करडा स्वेटर आणि करडा दगड सारखाच. पण मेंढी चुगली करते. हेलूविकचं लहान मूलही मेंढ्यांवरून सांगतं की कोण कुठून चाललंय.

हानुसने दोर खाली ठेवला. मान वळवली, तर पूर्वेच्या कड्यावरही तेच. तिथल्या मेंढ्याही खालून वर पांगत निघाल्या होत्या.

तो उठून शेजारी झाकारिसच्या दारी गेला. झाकारिसची बायको सुन्नेवा उंबऱ्यात उभी होती, डोंगराकडेच बघत.

"झाकारिस कुठाय?"

"वरचं दगडी कुंपण ढासळलंय म्हणे. ते रचायला गेलाय."

"आणि रासमुसदादा?"

"मार्यूनवहिनी सांगत होती, लंगडी मेंढी बघायला. चर्चचे जोडे घालून गेलेत."

"मेंढीला?"

"चांदीच्या बटणांचं जाकीट घालून," सुन्नेवा म्हणाली. "मेंढी घरंदाज असेल."

हानुसने गावाकडे पाहिलं. एकाही अंगणात पुरुष नव्हता. पश्चिमेने चार, पूर्वेने चार. दोन्ही टोळ्यांना दुसरी टोळी शब्द पाळील अशी खात्री होती, म्हणून दोघींनी तो मोडला होता. आणि सगळ्यांना मेंढ्यांवरून माणूस ओळखता येत असे, पण फक्त दुसरा. आपण चालतो तेव्हा मेंढ्या पांगतात हे आठांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

त्याला राग आला नाही. आधी गंमत वाटली, मग वाईट वाटलं, आणि मग नेहमीप्रमाणे कुतूहल वाटलं: चार आणि चार, म्हणजे इतकी पायपीट करूनही हिशेब तोच. मग हे गेले कशाला? घरी बसूनही तेच होणार असेल आणि जाऊनही तेच, तर माणूस जातो. का जातो?

मागे पावलं वाजली. बिला होती. तिच्या मागे रासमुसची मार्यून, सुन्नेवा आणि बाकी घरच्या बायका, काळ्या शाली, घट्ट बांधलेले केस. सगळ्यांत मागे काठी टेकत आर्मगारआजी, गावातली सगळ्यांत म्हातारी.

"चल," बिला म्हणाली. "कागद बघायचाय ना?"

"होडी..."

"आठ वल्ही आहेत. आजी सोडून आठ जणी आहोत."

"अग पण नियम..."

"नियम वल्ह्यांचा आहे," आर्मगारआजी म्हणाली. "वल्ह्यावर मिश्या पाहिजेत असं त्यात कुठं म्हटलंय? तुझ्या पणजोबानं नियम केला तेव्हा माझी आजी तिथंच होती."

हानुसच्या आता लक्षात आलं. बायकांना मताचा अधिकार मिळून तीस वर्षं झाली होती. दर निवडणुकीला त्या होडीत बसून जात, मत देत, दुकानातून सुया घेत आणि परत येत. पण चार आणि चार हा हिशेब करताना पुरुषांनी वल्ही मोजली होती. त्यानेही तीच मोजली होती. इतके प्रश्न विचारणारा माणूस, पण हा एक त्याला सुचला नव्हता.

"तुम्ही कुणाला देणार आहात?" त्याने विचारलं.

"तुला कशाला?" बिला म्हणाली. "तुझं वल्हं आहे का?"

बायका गवताच्या मोसमात समोरच्या खडकाळ बेटावर वल्ही मारत जातच असत, त्यामुळे हाताला सवय होती. चिरेतून बाहेर पडताना हानुस थांबला, लाट मोजली, "ओढा" म्हणाला, आणि आठ वल्ही एकदम पडली. एकीनेही क्षणभर विचार केला नाही.

समुद्रावर काही शब्द उच्चारायचे नाहीत, हे तिकडचं जुनं शास्त्र. पाद्रीला पाद्री म्हणायचं नाही, काळ्या डगल्यावाला म्हणायचं. सुरीला सुरी म्हणायचं नाही. गेल्या महिन्याभरात हानुसने त्या यादीत 'डेन्मार्क' आणि 'मत' हे दोन शब्द घातले होते, नाहीतर बाकावर मारामारी झाली असती. आता तो नियम त्याच्याच अंगाशी आला. समोर वल्ह्यांवर आठ जणी बसल्या होत्या, आठ डोकी, आठ मतं, आणि जाणून घ्यायची इच्छा त्याच्या पोटात मांजरासारखी फिरत होती. बायका मुळ्याच्या लोणच्याबद्दल बोलत होत्या.

किर्क्यूनेसला उतरून शाळेकडे चालताना मात्र जमिनीवर बंदी नव्हती. त्याने आर्मगारआजीला हात दिला आणि हळूच विचारलं, "आजी, तुम्ही सासूपासून वेगळ्या झाला होता ना?"

"झाले होते. त्याच अंगणात, गोठ्याच्या खोलीत चूल मांडली."

"मग?"

"पहिल्या दिवशी बटाटे कच्चे राहिले."

"पश्चात्ताप झाला?"

"बटाट्यांचा झाला. पण कच्चे आहेत असं सांगायला कुणी नव्हतं. ते बरं वाटलं."

"पुढं एकत्र झालात का?"

"सासू आजारी पडली. मग ती माझ्या खोलीत राहायला आली. मरेतो होती."

"म्हणजे जिंकलं कोण?"

"मला काय माहीत?" आजी म्हणाली. "मी जेवायला वाढत होते."

शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. गुरुजींनी नाव विचारलं. ते आणि हानुस याच वर्गात बरोबर बाराखडी शिकले होते तरी विचारलं, आणि कागद दिला. पडद्यामागे एक टेबल होतं आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल बांधलेली का, असा प्रश्न त्याच्या मनात आला, पण तो त्याने बाजूला ठेवला. हे त्याच्या दृष्टीने मोठंच काम झालं.

कागदावर दोन ओळी होत्या. एक डेन्मार्कच्या व्यवस्थेची, एक वेगळं होण्याची. त्याने कागद उलटून पाहिला, तिसरी ओळ मागे आहे का. नव्हती.

पहिल्या ओळीच्या पलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक होतं. तिथे उशिरा येणारा डॉक्टर होता, श्रद्धा ठेवा म्हणणारा पाद्री होता, आणि तो राजा होता ज्याचा फोटो हानुसच्या आईने फडताळावर ठेवला होता आणि ती तो नाताळात पुसायची. त्यात वाईट काही नव्हतं. रासमुस खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या ओळीच्या पलीकडे काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकारिसलाही नव्हतं, त्याला फक्त झेंडा ठाऊक होता. कदाचित कच्चे बटाटे असतील. ते आपल्यालाच नाही, नातवंडांनाही खावे लागतील, हेही हानुसच्या मनात येऊन गेलं आणि पेन्सिल थांबली.

बाहेर कुणीतरी खोकलं. मग त्याच्या मनात असं आलं: आपण राहिलो तर मला काही विचारायला उरणार नाही. आणि वेगळे झालो तर मरेपर्यंत पुरतील इतके प्रश्न.

देशाचं भवितव्य ठरवायला हे कारण पुरेसं आहे का, हे त्याला सांगता आलं नसतं. पण झाकारिसचं कारण झेंडा होतं आणि रासमुसचं इंजेक्शन. त्याने दुसऱ्या ओळीवर फुली केली. नीट, दोन्ही रेघा सारख्या. आणि फुली केल्याबरोबर त्याला आपली जागा आठवली. होडीच्या मागच्या टोकाला, जिथे पाठ टेकायला फळी वडिलांनी बसवली होती.

तो बाहेर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले चार पुरुष शाळेच्या एका कोपऱ्याने येत होते आणि तसेच चार दुसऱ्या कोपऱ्याने. फाटकाशी दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या.

"कुंपण रचून झालं का?" रासमुसने विचारलं.

"झालं," झाकारिस म्हणाला. "तुमची लंगडी मेंढी मत देऊन गेली का?"

बाकीच्या सहा जणांनी आपापल्या जोड्यांकडे पाहिलं. मग रासमुसला मार्यून दिसली. तिच्या हातात सुयांची पुडी होती.

"तू इथं कशी?"

"होडीनं."

"होडी कुणी आणली?"

"तांडेलानं आणली. आम्ही ओढली. तुम्ही आधी मत देऊन या, गुरुजी खोळंबलेत."

मतं देऊन सगळे धक्क्यावर आले तेव्हा पश्चिमेकडून समुद्र फुगायला लागला होता. पुरुष सवयीने आपापल्या बाकाकडे गेले. बाकांवर बायका बसलेल्या होत्या.

"ऊठ," झाकारिस सुन्नेवाला म्हणाला.

"तू डोंगर चढून दमलायस," सुन्नेवा म्हणाली. "मागं बस. मेंढ्या आणतो तेव्हा त्या बसतात तिथं."

सगळ्यांच्या वजनाने होडी कडेपर्यंत पाण्यात उतरली. अर्धं अंतर कापून झालं. मग रासमुस, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, हानुसकडे न बघता म्हणाला, "उतरल्यावर विचारणार आहे तुला."

"विचार."

"आणि उत्तर माझ्या मनासारखं नसलं, तर आमच्या घराचं वल्हं..."

तो थांबला. त्याच्या घराचं वल्हं त्याच्या नाकासमोर मागेपुढे होत होतं.

"हं, काय?" मार्यूनने वल्हं न थांबवता विचारलं. "आपल्या वल्ह्याचं काय म्हणत होता?"

रासमुसने समुद्राकडे पाहिलं.

चिरेपाशी लाट वाईट फुटत होती. हानुसने होडी बाहेर धरून ठेवली. वजन दुप्पट, उजेड उतरलेला. एक लाट गेली, दुसरी गेली. आपण कदाचित शेवटचं "ओढा" म्हणणार आहोत, असं त्याला वाटलं, आणि ते चांगलं म्हणता यावं म्हणून तो आणखी एक लाट थांबला. मोठी आली, खडकावर पसरली, तिच्यामागे पाणी सपाट झालं.

"ओढा."

होडी चिरेतून आत शिरली, जशी चावी कुलपात शिरते. सगळ्यांनी उड्या टाकल्या, बायका-पुरुष दोन्ही बाजूंनी लागले आणि ती वर ओढली. दोर बांधून झाल्यावर हानुस सरळ उभा राहिला. कुणी विचारायच्या आत म्हणाला, "वेगळं व्हायला दिलं."

झाकारिसने टोपी काढली आणि तो हसला. "दाजी, मला माहीत होतं. रक्तात असतं ते."

"रक्तात नाही. बघावं म्हटलं काय होतं ते."

झाकारिसचं हसू थोडं मावळलं. देशासाठी मत मिळावं पण असल्या कारणासाठी मिळू नये, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

रासमुसने हानुसकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मी यापुढं डोंगरानं जाईन," तो म्हणाला.

"जा," मार्यून म्हणाली. "वल्हं घरचं आहे. मी येईन."

निकाल लागला. वेगळे होणारे जिंकले, पण इतक्या थोडक्यात की जिंकणाऱ्यांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. आठवडा-दोन आठवडे झाकारिस छाती काढून फिरला. मग राजाने तिकडून बेटांची सभाच बरखास्त केली, पुन्हा निवडणूक झाली, आणि या वेळी राहणाऱ्यांचं पारडं जड झालं. आता म्हणे मधली काहीतरी वाट काढणार होते, धड वेगळं नाही, धड एकत्र नाही. हानुसला त्या कागदाची मागची कोरी बाजू आठवली. तिसरी ओळ होती तर. छापायची राहिली होती. मग आम्हाला विचारलं कशाला, असं त्याने पाद्रीबुवांना विचारलं, आणि पाद्रीबुवांनी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. हेलूविककरांसारखं बोलायला त्यांना एवढी वर्षं लागली.

एवढ्या सगळ्यात देश जागचा हलला नाही. वेगळा झाला तो एकटा रासमुस. राहावं म्हणणारा. दर रविवारी पश्चिमेच्या घळीतल्या मेंढ्या एकामागून एक पांगत, आणि होडीतले सगळे मान वर करून बघत की दादा कुठवर पोचला. मार्यून त्याच्या बाकावर झाकारिसच्या शेजारी बसे आणि होडी सरळच चाले.

पहिला बर्फ पडला त्या रविवारी सकाळी रासमुस धक्क्यावर आला. काठी होती, चर्चचे जोडे होते. मार्यून आधीच बाकावर बसली होती. ती उठली नाही.

"जागा आहे का?" त्याने विचारलं.

"तांडेलाला विचारा," ती म्हणाली.

रासमुस हानुसपाशी आला. झाकारिसला काहीतरी बोलायचं होतं, पण सुन्नेवाने त्याच्याच वल्ह्याची मूठ त्याच्या बरगडीला लावून ठेवली होती.

"दादा, एक विचारू?" हानुस म्हणाला.

"नाही म्हटलं तर राहणार आहेस का?"

"वेगळं राहून कसं वाटलं?"

रासमुसने बर्फाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. त्याने खरंच विचार केला, हानुसला ते दिसलं.

"पाय दुखतात," तो म्हणाला. "धुक्यात दोनदा वाट चुकलो. चर्चला पोचेतो निम्मं प्रवचन झालेलं असतं."

"हं."

"पण खिंडीत पोचलं ना, की कुणी नसतं. कुणी ओढा म्हणत नाही, कुणी थांबा म्हणत नाही." तो थोडा खजील झाला. "दगडावर बसून वाळलेलं मटण खातो. आपल्या सुरीनं कापून. तिथं सुरीला सुरी म्हणता येतं."

"मग परत का आलास?"

"बर्फ पडलाय, दिसत नाही का?"

"आणि वितळल्यावर?"

रासमुसने होडीत पाय टाकला, मेंढ्या बसतात तिथे बसला आणि जाकिटाची बटणं लावून घेतली.

"तेव्हाचं तेव्हा बघू," तो म्हणाला.

हानुस ते उत्तर मनात घोळवत सुकाणूपाशी गेला, फळीला पाठ टेकली आणि लाट मोजायला लागला.